इचलकरंजीचे माग

पंचगंगेच्या काठी वसलेल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. जहागिरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगास उत्तेजन दिले खरे. परंतु केवळ आश्रयाने माग घरोघरी पसरत नाही. तो पसरला शेजारामुळे. चार मागांच्या मालकास स्वतःचे सायझिंग थाटण्याचे कारण नव्हते. ते पलीकडच्या गल्लीत होते. वहिफणी करणारा, कांडी भरणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर, सूत उधार देणारा व्यापारी, सारे हाकेच्या अंतरावर. (ही उधारी सोयीची तशीच गळफासाचीही, हे सांगितलेच पाहिजे.)

१९९९ पासून केंद्राच्या योजनेखाली नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजाची सवलत मिळू लागली आणि धोट्याविना चालणारे, संगणक जोडलेले माग गावात आले. धागा तुटताच असा माग आपणहून थांबतो व बिघाड पडद्यावर दाखवितो. तो पडदा वाचणारा जाणकार एकट्या लहान मालकास पगारी ठेवणे परवडत नाही. चार कारखान्यांना मिळून मात्र तो बोलाविता येतो. तथापि यंत्राची किंमत शेजाऱ्यांत वाटून घेता येत नाही. ज्यांना ती झेपली नाही, त्यांच्यापैकी अनेकांनी आपले साधे माग भंगाराच्या भावाने विकले.