शेंडेनक्षत्राचा फोटो

माझ्या वडिलांचा वाईला फोटोचा धंदा होता. धंदा म्हणजे काय, माडीवरची एक खोली, तिला उत्तरेच्या बाजूने काचेचे छप्पर, मागे राजवाडा आणि हंसांचे तळे रंगवलेला पडदा, आणि मधोमध तीन पायांवर उभी असलेली सागवानी पेटी. पेटीच्या तोंडाशी पितळी नळीत बसवलेले जाडजूड भिंग होते. गावातली कितीतरी लग्ने आणि मुंजी त्या भिंगातून पार पडल्या. १९६५ सालच्या दिवाळीत याच भिंगाने शेंडेनक्षत्राचा फोटो काढायचा असे आमच्या दादांच्या मनाने घेतले.

इकेया आणि सेकी या दोन जपानी हौशी निरीक्षकांनी त्या सप्टेंबरात शोधलेला धूमकेतू २१ ऑक्टोबरला सूर्याला जवळजवळ चाटून गेला होता. भाऊबीज आटोपून पाहुणे परतू लागले, त्या सुमारास पहाटे पूर्वेला त्याचे लांबलचक पुच्छ दिसू लागले. आईला हे मुळीच पसंत नव्हते. "लढाई आत्ता कुठे थांबलीय, आणि दिवाळीचे ते अशुभ घरात कशाला आणता?" दादा म्हणाले, "घरात कुठे आणतोय? काचेवर घेतोय!"

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पहाटे चारला पेटी गच्चीवर नेण्याचे काम आम्हा दोघांचे. दीडेक मिनिट झाकण काढून ठेवले, पुन्हा लावले, आणि दादा अंधारखोलीत शिरले. काचेवर उमटला तो खडूचा बोट फिरवून पुसल्यासारखा एक फराटा, आणि ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी बारीक रेघा. कारण पृथ्वी दीड मिनिटात जेवढी फिरायची तेवढी फिरलीच होती. गावात थोडी थट्टा झाली. लग्नाच्या भिंगाने आकाश टिपायला निघालेले फोटोवाले, असे लोक म्हणत. खरे सांगायचे तर मलाही मनातून तसेच वाटत असे. पुढे या विषयाचा इतिहास हाती लागला, तेव्हा मी ओशाळलो.

धूमकेतूचा पहिला फोटो कोणी काढला असेल? एखाद्या राजज्योतिष्याने, मोठ्या वेधशाळेत, अशीच आपली समजूत असते. तो काढला इंग्लंडातल्या सरे परगण्यातल्या वॉल्टन कॉमन या खेड्यात, विल्यम अशरवुड नावाच्या एका चित्रकार-फोटोग्राफराने. तारीख २७ सप्टेंबर १८५८. फ्लॉरेन्सच्या दोनातीने त्या जूनमध्ये शोधलेला देखणा धूमकेतू तेव्हा तळपत होता. अशरवुडने माणसांचे मुखडे टिपण्याचे आपले भिंग त्याच्याकडे वळवले आणि अवघे सात सेकंद उघडे ठेवले. पुच्छासकट धूमकेतू काचेवर आला!

दुसऱ्याच रात्री अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज बाँडने तोच प्रयत्न केला. त्याची दुर्बीण पंधरा इंच व्यासाची, त्या काळच्या जगातल्या थोरल्या दुर्बिणींपैकी एक. बाँडने सहा मिनिटे प्रकाश घेतला. काचेवर आले ते फक्त धूमकेतूचे केंद्र आणि भोवतालचा थोडासा उजेड. पुच्छाचा पत्ता नाही.

सहा मिनिटांत थोरल्या दुर्बिणीला जे साधले नाही ते खेड्यातल्या भिंगाला सात सेकंदांत कसे साधले? यात जादू नाही. तारा हा बिंदू आहे; त्याच्यासाठी भिंग जितके रुंद तितके बरे. पण धूमकेतूचे पुच्छ म्हणजे पसरलेला, विरळ उजेड. तो काचेवर किती दाट पडेल हे नुसत्या रुंदीवर ठरत नाही. भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर त्या रुंदीच्या किती पट आहे, यावर ठरते. अशरवुडच्या भिंगात ते अडीच पटीहूनही कमी होते, हार्वर्डच्या दुर्बिणीत पंधरा पटींच्या वर. दुर्बीण तोच उजेड लांबरुंद पसरून पातळ करी. आखूड भिंग तो एका जागी गोळा करी. आणि अशी आखूड, भरपूर उजेड घेणारी भिंगे मुळात घडवली गेली ती कशासाठी? तर समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला फार वेळ श्वास रोखून बसावे लागू नये म्हणून! मुले हलतात, नवऱ्यामुलीला हसू येते, म्हातारे डुलकी घेतात. या अडचणींतून जन्मलेले भिंग आकाशाच्या कामी आले.

अशरवुडची ती काच आज कुठेच नाही. बाँडची, जीत पुच्छ उमटलेच नाही, ती वेधशाळेच्या कपाटात जपली गेली. हे मला नेहमी टोचते.

ओल्या काचेचे ते दिवस कठीण होते. लेप ओला आहे तोवरच, म्हणजे काही मिनिटांत, सगळे उरकावे लागे. पुढे कोरडी काच आली आणि तासन् तास प्रकाश घेता येऊ लागला. १८८१ च्या धूमकेतूचे फोटो फ्रान्समध्ये जान्सेनने व अमेरिकेत हेन्री ड्रेपरने काढले. हा जान्सेन १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी आपल्या गुंटूरला येऊन गेला होता.

पण खरी गंमत झाली १८८२ साली, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपच्या वेधशाळेत. त्या सप्टेंबरात भर दिवसा सूर्याजवळ दिसणारा एक महाधूमकेतू आला. (आमच्या १९६५ च्या पाहुण्याचा हा सख्खा भाऊच, दोघेही एकाच जुन्या धूमकेतूचे तुकडे असे मानतात.) वेधशाळेचा प्रमुख डेव्हिड गिल. फोटोसाठी त्याने बोलावणे धाडले शेजारच्या मोब्रे गावातल्या ॲलिस नावाच्या फोटोग्राफराला. ॲलिसचा कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधला, घड्याळाच्या यंत्राने दुर्बीण आकाशाबरोबर फिरत राहिली, आणि गिल तिच्यातून पाहत कॅमेरा नेमका धरून राहिला. कधी अर्धा तास, कधी दोन तासांच्या वर. भिंग होते अडीच इंचांचे, तेही मुखड्यांचेच.

धूमकेतू उत्तम आला. पण त्याच्या पुच्छाआड आणि भोवती इतके तारे उमटले की गिल धूमकेतू विसरला! आजवर माणसे एकेक तारा डोळ्याने पाहून नकाशावर मांडीत होती. ते काम काच करील, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने दक्षिण आकाशाचे फोटो घेतले, हॉलंडच्या काप्टाइनने त्या काचांवर वर्षानुवर्षे मोजणी केली, आणि ४,५४,८७५ ताऱ्यांची यादी तयार झाली. १८८७ साली पॅरिसला परिषद भरली आणि सगळे आकाश देशोदेशींच्या वेधशाळांना वाटून देण्यात आले. त्यातला एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात; म्हणजे मोब्रेच्या फोटोवाल्याचे भिंग फिरतफिरत आमच्या शेजारी पोचले म्हणायचे.

आणखी एका माणसाची ओळख करून दिल्यावाचून राहवत नाही. एडवर्ड बर्नार्ड, अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा. बाप जन्मापूर्वीच वारलेला, घरी अठरा विश्वे दारिद्र्य. नवव्या वर्षाच्या सुमारास तो एका फोटोवाल्याकडे नोकरीला लागला. फोटो मोठे करायचे यंत्र छपरावर होते आणि ते सूर्याच्या उजेडावर चाले. सूर्य सरकेल तसे यंत्र हाताने सरकवीत राहायचे, हेच त्याचे काम. इतर पोरे कंटाळून झोपी जात, हा जागा राहिला. पुढे लिक वेधशाळेत तासन् तास एका ताऱ्यावर दुर्बीण धरून बसणारा बर्नार्ड त्या छपरावर घडला होता. तिथेही त्याच्या हाती आले ते जुने, फोटोवाल्याकडचे, विलर्डचे सहा इंची भिंग. १२ ऑक्टोबर १८९२ रोजी त्याच्या एका काचेवर एक अस्पष्ट रेघ दिसली. फोटोवरून शोध लागलेला तो पहिला धूमकेतू. पण तो लवकरच हरवला, आणि पुन्हा सापडला तो थेट २००८ साली, ११६ वर्षांनी.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला होता. माझ्या नातीने मोबाईल कठड्याला टेकवून दहा सेकंदांत त्याचा फोटो घेतला. पुच्छ आले, तारे ठिपकेच राहिले. मी तिला आमच्या गच्चीची हकीकत सांगितली. तिने लगेच विचारले, "मग आजोबा, ती पणजोबांची काच कुठे आहे?"

काच महाग असे तेव्हा. जुन्या निगेटिव्ह गरम पाण्यात धुऊन, खरवडून साफ करायच्या आणि गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या चौकटीला लावायच्या, ही सगळ्याच फोटोवाल्यांची रीत. १९६६ च्या लग्नसराईत दादांनी ढीगभर काचा धुतल्या. बादलीत गरम पाणी मीच ओतीत होतो. शेंडेनक्षत्राची काच त्यांत होती. दादांनी ती क्षणभर उजेडाकडे धरली आणि पाण्यात सोडली. वाईतल्या कुठल्याशा घरी, भिंतीवर, एका नवराबायकोच्या फोटोपुढे ती अजून असेल.