नाणेघाटाचा रांजण आणि आयातीचा हिशोब

मढवरून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता कल्याणला उतरतो. दोन हजार वर्षांपूर्वी याच जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटातून बैलांचे तांडे कल्याण बंदराकडे जात. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही जकातीचा रांजण म्हणून दाखवला जातो. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात. त्यात पडलेला पैसा पुढे कुठे गेला, हे मात्र कुणी विचारत नाही.

जगाच्या एकूण माल-आयातीत विकसनशील देशांचा वाटा आज साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यात मोठा हिस्सा एकट्या चीनचा आहे. हा आकडा प्रगती म्हणून सांगितला जातो. जणू आपण कालपर्यंत जगाचा बाजार पाहिलाच नव्हता! इतिहास वेगळं सांगतो.

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात येणाऱ्या मालाची यादी आहे. इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी. इथून जाई ते सुती कापड, हस्तिदंत, मिरी. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. म्हणजे व्यापारी तुटीचं रडगाणं तेव्हा रोम गात होता! कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती त्याच व्यापाराची खूण आहे.

या संपत्तीचा एक प्रवाह जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत दिसतो. तिथले शिलालेख वाचा. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नोंद आहे. इरिल, चिट, चंद हे यवन, म्हणजे परके, तेही दाते आहेत. धम्माने परक्याला आणि कारागिराला नावासकट दगडावर जागा दिली.

दुसरा प्रवाह नाणेघाटाच्या लेण्यात दिसतो. नागनिकेच्या लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे, कार्षापणांची जंत्री आहे. म्हणून त्या काळाला सरसकट सुवर्णयुग म्हणण्याची घाई मी करणार नाही. पेरिप्लसच्या त्याच यादीत राजासाठी आणलेली गाणारी मुलं आणि जनानखान्यासाठी आणलेल्या मुलीही आहेत. माणूसही आयातीचा माल होता.

इंग्रजांनी हा व्यापार उलटा केला. 1813 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची भारतीय व्यापारातली मक्तेदारी संपली आणि लँकेशायरच्या कापडाला दार उघडलं. 1896 मध्ये तर इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला, कारण आयात कापडाला स्पर्धा नको होती. शाळेच्या पुस्तकात याला 'देशी उद्योगाचा ऱ्हास' म्हणतात. पण विदर्भात जाडंभरडं कापड विणणाऱ्या महार विणकराचा माग बंद पडला, त्याचं नाव त्या धड्यात नसतं. त्याचे भाऊबंद मुंबईच्या गिरणीत आले, तर विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल म्हणून! मँचेस्टरने माग हिसकावला आणि गिरणीतही मागापाशी येऊ दिलं नाही ते आपल्याच 'स्वदेशी' समाजाने.

इथे बाबासाहेबांकडे यावं लागतं. 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात त्यांनी एक मूलभूत गोष्ट दाखवली. रुपयाचा भाव घसरला की निर्यातदाराला नफा होतो, म्हणून देशाचा फायदा झाला असं म्हणतात. प्रत्यक्षात किमती वाढतात, मजुरी मागे राहते, आणि नफा मजुराच्या ताटातून येतो. एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेल्या पैशाला राष्ट्राचा लाभ कसं म्हणायचं?

हीच कसोटी आज लावा. 2023 च्या उन्हाळ्यानंतर टोमॅटो महागला, तेव्हा ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणण्याचा निर्णय झाला. त्याच महिन्यात कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क आलं आणि डिसेंबरात निर्यातबंदी. नारायणगाव, ओतूरच्या शेतकऱ्याचा संताप खरा होता. शहरातल्या गरिबाला स्वस्त भाजी हवी, हेही खरं. पण या भांडणात तिसरा माणूस कुठे होता? भाव चढला तेव्हा टोमॅटो तोडणाऱ्या ठाकर, महादेव कोळी, बौद्ध बाईची मजुरी त्या प्रमाणात चढली का? आणि भाव पडला तेव्हा पहिला खाडा कुणाचा झाला?

आयातीला विरोध हा माझा मुद्दा नाही. बंद दारांचं कौतुक बहिष्कृतांनी करू नये. समुद्र ओलांडणं पाप मानणाऱ्या व्यवस्थेने आपलं काय केलं ते आपण जाणतो. मुद्दा हिशोबाचा आहे. 'देशाची आयात वाढली' असं कुणी म्हणालं, तर विचारा: देश म्हणजे कोण? रांजणात पडलेलं नाणं पोढीला गेलं की दक्षिणेला?

जय भीम!