लिंगोचे कासव, नोहाची नौका आणि फुटक्या फरशा

मंडळी, जगबुडीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. कोणी मनूची ऐकतो, कोणी नोहाची. मनूला मासा सावध करतो, नोहाला देव. दोघेही नौका बांधतात, नौका डोंगराला टेकते आणि जग नव्याने सुरू होते. मनूची गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे, नोहाची बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीमध्ये. मग प्रश्न येतोच की कोणी कोणाची घेतली?

हाच प्रश्न मला मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याने वेगळ्या तऱ्हेने विचारला. तो गोंड समाजातला, आता स्वतः शिक्षक आहे. मी नोकरीला लागले तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्या काळातल्या पोरांपैकी हा एक. म्हणाला, "बाई, एका भाषणात ऐकलं की आमच्या लिंगोची गोष्ट पाद्र्यांनी बायबलवरून बेतली. खरं आहे का जी?" विचारताना त्याचा आवाज उतरला होता. आजीच्या मांडीवर ऐकलेली गोष्ट उसनी निघाली तर माणसाला काय वाटेल? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिंगोचे गाणे पहिल्यांदा छापले गेले ते १८६६ साली. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते एका परधानाकडून ऐकून उतरवून घेतले होते. परधान म्हणजे गोंडांचे गायक, त्यांची वंशकथा सांगणारे. गाणे छापलेले पाहायला हिस्लॉप राहिले नाहीत. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ ला ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. पुढे त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले, मूळ गोंडी शब्दांसकट.

गोष्ट थोडक्यात अशी. महादेव गोंडांना एका गुहेत कोंडतो आणि तोंडावर भली मोठी शिळा ठेवतो. चौघे भाऊ तेवढे निसटतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांचा धाकटा भाऊ होतो, त्यांना शेती शिकवतो. भावांच्या बायका लिंगोच्या मागे लागतात, तो बधत नाही, तेव्हा त्या नवऱ्यांजवळ उलटी कागाळी करतात. भाऊ त्याला ठार मारतात. अमृत शिंपडून तो पुन्हा जिवंत होतो, महादेवाने घातलेली अट पुरी करतो आणि गुहेतल्या लोकांना सोडवतो. वाटेत नदीला पूर येतो. मगर पार नेते म्हणते आणि मध्येच दगा देते, कासव मात्र पैलतीरी पोचवते.

बायबल वाचलेल्या माणसाला इथे थबकायला होते. खोटा आळ घेणारी बाई म्हणजे योसेफाच्या गोष्टीतली पोटीफरची बायको. कोंडलेल्या लोकांना सोडवून पाण्यापार नेणारा म्हणजे मोशे. मिशनऱ्याने उतरवलेली गोष्ट आणि त्यात हे सगळे! भाषण करणाऱ्याला शंका आली, त्यात नवल नाही.

पण मंडळी, आणखी मागे जाऊ. खोट्या आळाची गोष्ट बायबलचीही एकट्याची नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तचा एक पपायरस आहे, इसवीसनापूर्वी सुमारे १२०० चा. त्यात दोन भावांची कथा आहे. थोरल्याची बायको धाकट्याच्या मागे लागते, तो नाही म्हणतो, ती नवऱ्याला खोटेच सांगते, नवरा भाला घेऊन गोठ्याच्या दाराआड उभा राहतो. धाकटा पळतो, तेव्हा सूर्यदेव दोघांच्या मध्ये पाणी उभे करतो, आणि त्या पाण्यात असतात मगरी! पुढे धाकटा मरतो आणि पुन्हा जिवंतही होतो.

जगबुडीचेही तेच. १८७२ च्या डिसेंबरात जॉर्ज स्मिथ यांनी लंडनमध्ये निनवेहून आलेल्या मातीच्या एका पाटीचे वाचन सादर केले. त्यात जलप्रलय, नौका, डोंगर आणि जमीन दिसते का पाहायला सोडलेले पक्षी, सगळे होते. नोहा कबुतर आणि कावळा सोडतो, इथे कबुतर, पाकोळी आणि कावळा. त्याहून जुनी अत्राहसिसची कथा इसवीसनापूर्वी सतराव्या शतकातल्या पाट्यांवर मिळाली आहे.

आता विषय जरा बदलल्यासारखा वाटेल, पण बदललेला नाही. उन्हाळ्यात नात आली की आम्ही दोघी फुटक्या फरशांची चित्रे करतो, ज्याला मोझेक म्हणतात. जुनी फरशी पोत्यात गुंडाळायची, हातोडीने फोडायची, टोके पकडीने नीट करायची. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपच्या उडतात. प्लायवूडवर पेन्सिलने आकृती काढायची आणि फेविकॉलने तुकडे चिकटवत जायचे, आधी मुख्य आकृती, मग भोवतालची जागा. वाळले की पांढऱ्या सिमेंटची पेस्ट फटींत भरायची आणि थोड्या वेळाने ओल्या स्पंजने वरचे पुसून घ्यायचे. एवढेच शास्त्र. उन्हापावसात ठेवायचे असेल तर मात्र प्लायवूड आणि फेविकॉल चालत नाही, सिमेंटचाच पाया लागतो.

या वर्षी आम्ही लिंगोचे कासव केले. पाठीला शेजारच्यांच्या मोडलेल्या न्हाणीघराची हिरवी फरशी, पाण्याला फुटलेल्या निळ्या बशा, डोळ्याला बांगडीची काच. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर आमची फरशी!" बरोबरच होते. पण कासव आमचे आहे असे ती म्हणाली नाही. म्हणणारही नाही.

जुन्या गोष्टींचे मला असेच वाटते. तुकडे तेच, चित्र वेगळे. अत्राहसिसच्या कथेत देव पूर आणतो, कारण माणसांच्या गोंगाटाने त्याची झोप मोडते. नोहाच्या गोष्टीत माणसांच्या पापामुळे पूर येतो, आणि शेवटी देव ढगात धनुष्य ठेवून पुन्हा असे करणार नाही असा शब्द देतो. मनूच्या गोष्टीत ना गोंगाट ना पाप, ओंजळीत आलेल्या इवल्या माशाला त्याने वाढवले, त्याची ती परतफेड. आळाचेही तसेच. इजिप्तचा नवरा खरे कळल्यावर बायकोला मारतो, योसेफ तुरुंगातून वर चढत मिसरचा कारभारी होतो, आणि लिंगो जिवंत होऊन आपल्या कोंडलेल्या माणसांना शोधायला निघतो. हा लिंगो दुसरीकडे कुठे आहे?

गंमत म्हणजे गालीलमधल्या हुकोक गावी पाचव्या शतकातल्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या जमिनीवर २०१६ मध्ये खरोखरचे मोझेक सापडले, नोहाची नौका आणि तांबडा समुद्र. त्या समुद्रात फारोच्या सैनिकांना मोठाले मासे गिळताना दाखवले आहेत. बायबलमधल्या मूळ गोष्टीत असे मासे नाहीत. ते त्या कारागिरांच्या गावचे.

मग पाद्र्याने बेतली का? मला तसे वाटत नाही. बायबलची गोष्ट मुद्दाम नेली की नावेही सोबत जातात. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले, १६१६ साली छापले. वेश मराठी, पण आदाम, नोहा, ख्रिस्त सगळे आपापल्या नावांनी हजर. लिंगोच्या गाण्यात बायबलमधले एकही नाव नाही. आहे तो महादेव, आणि पाद्र्याने गोष्ट बेतली असती तर तो महादेवाला कशाला आणेल? उलट आज गोंडी धर्माचे अनेक अभ्यासक म्हणतात की छापलेल्या गाण्यातला महादेवच बाहेरून आलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेला माघ पौर्णिमेला हजारो लोक जातात. तिथे सांगतात की काली कंकालीची मुले गुहेत कोंडली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवले. तुकडे बदलले, सोडवणारा तोच.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच कळवले की बाबा, सारखेपणा म्हणजे चोरी नव्हे. धाकट्या भावावर आळ, पुराचे पाणी, कोंडलेली माणसे, ही दुःखे नाईलकाठी होती तशी वैनगंगेकाठीही होती. काही तुकडे माणसांबरोबर प्रवास करत आले असतील, काही इथल्याच मातीत पडलेले असतील. ख्रिस्ती माणसालाही निनवेच्या पाटीने दुखावून जायचे कारण नाही. त्याच्या गोष्टीतले ते आकाशातले धनुष्य त्या पाटीवर नाही.

भीती वेगळीच आहे. गोष्ट उसनी म्हणून पोरे तिला लाजू लागली तर सांगणारे गप्प होतील, आणि गोंडीत ऐकणारे आधीच कमी होत चालले आहेत. म्हणून त्याला गृहपाठ दिला आहे, की वर्गातल्या प्रत्येक मुलाने घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून लिंगो ऐकायचा आणि जसा ऐकला तसा, गोंडीतच लिहून आणायचा. दोन घरचे लिंगो जुळले नाहीत तर खोडायचे नाही. दोन्ही ठेवायचे.