पन्नास टक्के चांदी आणि वालधुनीची हवा

प्रूफ नाणे म्हणजे खर्च करण्यासाठी न पाडलेले नाणे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नव्याने नाणी जमवू लागलेली मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘याचे किती येतील?’ दुसरा प्रश्न निघताना, चपला घालता घालता विचारला जातो, ‘आणि हे ठेवायचे कशात?’ मी दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. आमच्या खोऱ्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे.

मुंबईच्या फोर्टमधली टाकसाळ १८२० च्या दशकात कॅप्टन जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली बांधली गेली. रोजच्या व्यवहाराचे नाणे तेथे भराभर पडते, चाळणीतून जाते, पोत्यात भरले जाते आणि बँकेत पोचेपर्यंत एकमेकांवर आपटून त्याला ओरखडे उमटलेले असतात. प्रूफ नाण्याची रीत वेगळी. चकती आधी घासून आरशासारखी केली जाते. ठशाचा सपाट भाग चकचकीत करतात आणि चित्राचा भाग मुद्दाम खरबरीत ठेवतात, म्हणून नाण्यावर मुखवटा दुधाळ दिसतो आणि मागची जमीन काळ्याभोर पाण्यासारखी. ते हळू दाबाने एकाहून अधिक वेळा ठोकले जाते आणि हातमोजे घालूनच उचलले जाते. सारी मेहनत त्या कातडीवर आहे. बोटाचा एक ठसा पडला, तर घामातले क्षार ती खाऊ लागतात आणि काही वर्षांनी त्या बोटाच्या रेषा तपकिरी रंगात वाचता येतात.

प्रजासत्ताकाचा पहिला प्रूफ संच १९५० चा. त्यात रुपया, अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा, अर्धा आणा आणि एक पैसा अशी सात नाणी होती. चांदी त्यात औषधालाही नाही. वरची तीन निकेलची, मधली तीन तांबे-निकेलची आणि पैसा काशाचा. तरीही हा संच जाणत्यांना चांदीच्या नाण्यांहून प्रिय आहे, हे नवख्याला पटवणे अवघड जाते. आपल्याकडे नाणे आधी हातात तोलले जाते, मग पाहिले जाते.

चांदी आली ती गांधी जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये. तेव्हाचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे आणि ८० टक्के चांदीचे आहे, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. हे नाणे साध्या रूपातही भरपूर निघाले, त्यामुळे घासूनपुसून चकचकीत केलेले साधे नाणे ‘प्रूफ’ म्हणून विकणारे आजही भेटतात. ओळख सोपी आहे. मुंबईच्या साध्या नाण्यावर टाकसाळीची खूण म्हणून ठिपका किंवा चौकट असते आणि या काळापासूनच्या प्रूफ नाण्यावर इंग्रजी ‘बी’ अक्षर. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले, आणि १९९६ पासून ‘बी’ जाऊन ‘एम’ आला. शहराच्या नावाचा वाद कोणत्या वर्षी मिटला, हे नाण्यावर भिंगातून दिसते.

पुढच्या मोठ्या स्मारक नाण्यांत चांदी निम्म्यावर आली. शंभर रुपयांचे ४४ मिलिमीटर व्यासाचे आणि ३५ ग्रॅम वजनाचे नाणे अनेकांनी पाहिले असेल. त्याचे प्रमाण चांदी ५०, तांबे ४०, निकेल ५, जस्त ५ असे आहे. ही कृती टाकसाळीने नव्याने शोधलेली नाही. ती दुसऱ्या महायुद्धातली आहे.

युद्धापूर्वीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९२ टक्के चांदीचा होता. युद्ध सुरू होताच लोकांनी तो दाबून ठेवायला सुरुवात केली आणि १९४० मध्ये सरकारने याच चार धातूंच्या मिश्रणाचा रुपया काढला. १९४१ ते १९४३ च्या दरम्यान व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांचे जुने चांगल्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले. तरी चांदी कमीच पडली, म्हणून अमेरिकेकडून सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी घ्यावी लागली. ती परत करण्यासाठी स्वातंत्र्यानंतर हेच निमचांदीचे रुपये गोळा करून कलकत्त्यात अलीपूरला गाळण्यात आले. ज्या मिश्रणाला लोक तेव्हा ‘खोटी चांदी’ म्हणत, तेच पुढे मखमली पेटीत घालून संग्राहकांना विकले गेले. मला यात सरकारची लबाडी दिसत नाही. टाकसाळीला ते मिश्रण ओतण्याची आणि ठोकण्याची सवय होती, एवढेच.

त्या निमचांदीच्या रुपयांचा एक ओघ आमच्या खोऱ्यात आला. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. नाव बदलले तरी एक ते पाच हे ‘कॅम्प’ तोंडातून गेले नाहीत. कॅम्प चारमधल्या एका सिंधी घरात मी १९४४ चे काही रुपये पाहिले. त्यांवर इंग्रजी ‘एल’ आहे. ही लाहोरच्या टाकसाळीची खूण. ती टाकसाळ युद्धाच्या गरजेपोटी १९४३ मध्ये सुरू झाली आणि चार वर्षांत सीमेपलीकडे राहिली. घरच्या आजींनी हे रुपये ओढणीच्या गाठीत बांधून आणले, असे त्यांचे नातू सांगतात. रुपये दर दिवाळीला चिंच आणि रांगोळीने घासले जातात. राजाचा कान आता गालाशी सपाट झाला आहे, केसांच्या बटा गेल्या आहेत. त्याच ताटात नातवाने घेतलेले गांधींचे प्रूफ दहा रुपये ठेवतात आणि तेही त्याच चिंचेने उजळले जाते. लक्ष्मीपूजनात काळे नाणे ठेवणे अशुभ, हे मला समजते. आजींच्या रुपयांबद्दल मी काही बोललो नाही, त्यांची किंमत वेगळ्या वहीत आहे. प्रूफ नाणे मात्र ताटातून काढून घ्या, एवढे सांगितले. पूजेला साधे नाणे चालते.

हे नाणे काळे का पडते? चांदीला हवेतला ऑक्सिजन फारसा बाधत नाही, तिला बाधतो गंधक. सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी थोड्या प्रमाणातही चांदीवर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. पापुद्रा पातळ असताना नाणे पिवळसर दिसते, मग तांबूस, जांभळे, निळे आणि शेवटी काळे. आमच्या निमचांदीत तर ४० टक्के तांबे आहे. त्याला दमट हवाही पुरते, मग तपकिरी डाग आणि हिरवी बुरशी.

आता वालधुनी पाहा. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शिवमंदिराला वळसा घालते. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा लेख त्या मंदिरात आहे. तेथून ती कारखान्यांच्या आणि नंतर उल्हासनगरच्या वस्तीतून वाहत कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे टँकरमधून तिच्यात रसायन ओतले गेले आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना, त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. बातम्या माणसांच्या होत्या आणि तसेच हवे. पण त्या आठवड्यात काठावरच्या घरांतली देवाची चांदीची भांडी काळवंडली, हे मला तिथल्या दोन बायकांनी सांगितले. चांदी इथे हवेची नोंदवही आहे. नदीला रोजचा वास आहेच, तो एका पहाटेचा नव्हे.

मी गेली काही वर्षे शंभर रुपयांची एकाच वर्षाची तीन प्रूफ नाणी तीन घरांत पाहतो आहे. तिन्ही टाकसाळीच्या मूळ पेटीत, कपाटात. उल्हासनगरचे, नदीपासून हाकेच्या अंतरावरचे, कडेने निळे-काळे होत मध्याकडे सरकते आहे. अंबरनाथचे सारखे सोनेरी झाले आहे, आणि खरे तर देखणे दिसते. बदलापूरच्या नाण्यावर गंधकाची छाया फिकी, पण हिरवे ठिपके आहेत. त्या घरात जुलै २००५ मध्ये पाणी शिरले होते आणि २०१९ मध्येही, ज्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. भिंतीतली ओल कधी गेलीच नाही. टाकसाळ एक, ठसा एक, वर्ष एक, आणि लिलावात उभी केली तर तिघांना तीन भाव येतील.

म्हणून ठेवण्याबद्दल माझे सांगणे असे. पेटी आणि प्रमाणपत्र जपा, पण नाणे पेटीच्या मखमलीत झोपवू नका; कापड, गोंद आणि पुठ्ठा यांतूनही आम्ल आणि गंधक निघतात. ते कडक ॲक्रिलिकच्या गोल डबीत घाला. बाजारातली मऊ, वासाची प्लॅस्टिकची पाकिटे पीव्हीसीची असतात. ती काही वर्षांनी चिकट हिरवा द्रव सोडतात. पाकीट हवेच असेल तर पॉलिएस्टरचे घ्या. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकरीचे कापड या तिन्हींत गंधक असतो आणि आपल्याकडे नाणी नेमकी यांतच गुंडाळतात. प्लायवूडपेक्षा लोखंडी कपाट बरे, बाहेरच्या भिंतीला न टेकवलेले, देवघर आणि स्वयंपाकघरापासून दूर. डांबरगोळ्या नकोत. रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ती बदला. बदलापूरला हा खर्च टळत नाही.

आणि साफ करू नका. पीव्हीसीचा चिकटा शुद्ध ॲसिटोनने निघतो, तोही खिडक्या उघड्या ठेवून, विस्तवापासून लांब. पण सल्फाइडचा रंग काढायला गेलात की त्याबरोबर चांदीची वरची कातडी जाते. सराफाकडचे पाणी नाण्याला एका मिनिटात पांढरे करते. ते पांढरे मेलेले असते, आरसा परत येत नाही. सोनेरी झालेले अंबरनाथचे नाणे मी आहे तसे घेईन, उजळलेले फुकट दिले तरी विचार करीन.

किमतीकडे येऊ. तळाचा भाव काढायला शाळेचे गणित पुरते. ३५ ग्रॅमची निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी, वजा गाळण्याची घट. त्याच्या वरचे जे काही ते कातडीचे, संच पूर्ण असण्याचे आणि खरेपणाचे. दुकानदार सांगतो तो भाव धरू नका, लिलावात खरोखर गेलेला भाव पाहा. वजनकाटा आणि मापपट्टी जवळ ठेवा. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आम्ही उल्हासनगरकरांसमोरच करतो आणि तेही हसतात. नकली नाणी मात्र देशभर बनतात, त्यात या गावाचा विशेष वाटा आहे असे मला दिसलेले नाही.

सर्वांत अवघड प्रश्न नकलेचा नसतो, टाकसाळीनेच पुन्हा पाडलेल्या नाण्याचा असतो. ब्रिटिश काळातल्या जुन्या ठशांवरून संग्राहकांच्या मागणीनुसार नाणी पाडून देण्याची प्रथा कलकत्ता आणि मुंबईच्या टाकसाळींत होती आणि मुंबईत ती १९७० पर्यंत चालली. म्हणजे राणीच्या मुखवट्याचे, एकोणिसाव्या शतकातले साल असलेले चकचकीत नाणे प्रत्यक्षात नेहरूंच्या काळात पडलेले असू शकते. ठसा खरा, टाकसाळ खरी, साल तेवढे खोटे. मेजर फ्रेड प्रिडमोर यांनी ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या नाण्यांवरील आपल्या ग्रंथाच्या भारतविषयक भागात मूळ नाणे आणि पुनर्मुद्रण वेगळे नोंदवले, तेव्हापासून बाजारही दोन भाव मानतो. भिंगाखाली एक गोष्ट शोधा. ठसा वर्षानुवर्षे पडून राहिला की गंजतो, त्यावर खड्डे पडतात आणि ते नाण्यावर बारीक उंचवटे होऊन उमटतात, आरशासारख्या जमिनीवर घामोळे आल्यासारखे. नंतर ठसा पुन्हा घासला असेल तर समांतर बारीक रेषाही दिसतात. घामोळे पाहायचे तर जमीन शाबूत हवी. चिंचेने घासलेल्या नाण्यावर हा पुरावाच उरत नाही, आणि मग ते नाणे १८६२ चे की १९६२ चे, हे प्रिडमोरलाही सांगता आले नसते.

चांदी महाग झाली की आमच्याकडे संच फुटतात. शंभराचे नाणे सराफाच्या काट्यावर जाते आणि सोबतची तांबे-निकेलची नाणी ड्रॉवरमध्ये सुट्ट्यांत पडतात. उल्हासनगरच्या एका पेढीवर अशा एकट्या राहिलेल्या ‘बी’ खुणेच्या नाण्यांचा लहान ढीग मी पाहिला. दुकानदाराने ती कशासाठी ठेवली आहेत, असे विचारले, तर म्हणाला, ‘भाऊ, वजनात बसत नाहीत, आणि फेकवतही नाहीत.’ त्यातली अकरा मी दर्शनी भावाने घेतली. तीन नाण्यांवर आरसा अजून होता.