क्लिअर अलाइनर की तारेची क्लिप? मुलांच्या दातांसाठी काय निवडायचं?

इन्स्टाग्राम उघडलं की दात सरळ करणाऱ्या पारदर्शक अलाइनरच्या जाहिराती दिसतात. श्रीरामपूरमध्ये मात्र 'दातांना क्लिप बसवली' म्हटलं की अजून धातूची तारच डोळ्यांसमोर येते. धाकट्या भावा-बहिणीचे दात वेडेवाकडे असतील आणि घरचे तुम्हाला 'मोबाइलवर बघून सांग' म्हणत असतील, तर ही माहिती कामाला येईल.

अलाइनर म्हणजे काय?

दातांवर टोपीसारखा बसणारा, काढता-घालता येणारा पातळ प्लॅस्टिकचा ट्रे म्हणजे अलाइनर. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी कंपनीने 'इनव्हिजलाइन' नावाने तो प्रसिद्ध केला. आता मुंबईची लक्ष्मी डेंटलसारख्या भारतीय कंपन्याही अलाइनर बनवतात.

तो काम कसा करतो?

१. डॉक्टर छोट्या स्कॅनरने दातांचं थ्रीडी मॉडेल घेतात.
२. दात टप्प्याटप्प्याने कसे सरकतील, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरतं.
३. प्रत्येक टप्प्याचा साचा थ्रीडी प्रिंटरवर निघतो. त्यावर गरम प्लॅस्टिकची शीट दाबून ट्रे तयार होतो.

एक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. एक-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे घालायचा. पकड मिळावी म्हणून बऱ्याचदा दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात.

तार असो वा ट्रे, तत्त्व एकच. हलका दाब सतत राहिला की दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. म्हणूनच ट्रे दिवसाला २० ते २२ तास तोंडात लागतो.

दोन्हींत फरक काय?

- खाणं: क्लिप असताना ऊस, चिक्की, कडक पेरू बंद, कारण ब्रॅकेट निघतो. ट्रे काढून सगळं खाता येतं, पण खाल्ल्यावर ब्रश करूनच तो परत घालायचा.
- स्वच्छता: तारेत अन्न अडकतं. ट्रे काढून दात नीट घासता येतात. ट्रे गरम पाण्याने धुवू नका, वाकडा होतो.
- खर्च: साधी धातूची क्लिप सहसा स्वस्त पडते.
- शिस्त: क्लिप मुलाला काढता येत नाही, त्यामुळे ती चोवीस तास काम करते. ट्रे डब्यासोबत कागदात गुंडाळला की कचऱ्यात गेलाच म्हणून समजा.

खरा निर्णय या शेवटच्या मुद्द्यावर होतो. चष्मा, पाण्याची बाटली रोज विसरणाऱ्या मुलासाठी महागडा ट्रे घेऊन उपयोग नाही.

लहान मुलांना चालतो का?

चालतो, पण प्रत्येकाला नाही. साधारण १२-१३ वर्षांपर्यंत दुधाचे दात पडत असतात आणि नवे येत असतात. अर्धवट आलेल्या दातावर ट्रेची पकड कमी बसते. जबडाच मागे किंवा पुढे असेल, तर वेगळं उपकरण लागू शकतं. सातव्या वर्षाच्या आसपास एकदा तपासणी करावी, असा अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्ट संघटनेचा सल्ला आहे. तपासणी केली म्हणजे लगेच क्लिप लावावी लागते, असं नाही.

ऑनलाइन किट मागवावं का?

मुलांसाठी तर नकोच. सेल्फीत दाताचं मूळ आणि हाड दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो. घरपोच अलाइनर देणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कित्येकांचे उपचार अर्धवट राहिले.

दाखवायचं कुठे?

ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे बीडीएसनंतर याच विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरकडे. श्रीरामपूरकरांना लोणीचं रूरल डेंटल कॉलेज जवळ आहे. जाताना हे प्रश्न लिहून न्या: ही केस ट्रेने होईल का? एकूण किती ट्रे लागतील? हरवला तर नव्याचे पैसे किती? शेवटी लागणारा रिटेनर खर्चात धरलाय का? रिटेनर वापरला नाही, तर सरळ झालेले दात हळूहळू पुन्हा सरकतात, मग ते तारेने सरळ केलेले असोत की ट्रेने.