तांबड्याच्या पलीकडे

श्रोतेहो, मी पेशानें शाळामास्तर, आतां सेवानिवृत्त. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एके दुपारीं वर्गांत कांचेचा लोलक उन्हांत धरून मीं भिंतीवर वर्णपट पाडला होता. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सातही रंग मुलांकडून म्हणवून घेतले. इतक्यांत मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तांबड्याच्या पलीकडे काय आहे ?" तास संपत आला होता. मीं म्हटलें, "कांहीं नाहीं. बस खालीं." तें उत्तर चुकीचें होतें, आणि माझ्यासारख्या शिक्षकाला तें ठाऊक असावयास हवें होतें. आजचें हें भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरानें दिलेलें उत्तर समजावें.

हाच प्रश्न सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें सोडविला होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणारा तो हाच ज्योतिर्विद. सूर्याचे वेध घेतांना तो दुर्बिणीला निरनिराळ्या रंगांच्या कांचा लावीत असे. कांहीं कांचांतून उजेड थोडा येई, पण उष्णता फार जाणवे. कांहींची गोष्ट याच्या नेमकी उलट. तेव्हां कोणत्या रंगांत किती उष्णता असते, हें त्यानें मोजावयाचें ठरविलें. उष्णतामापकाचा पारा जांभळ्या रंगांत २ अंश, हिरव्यांत सव्वातीन आणि तांबड्यांत जवळजवळ ७ अंश फॅरनहाइट चढला. पुढें त्यानें तें यंत्र तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नव्हतें, अशा जागीं ठेवलें. पारा तेथें सर्वांत अधिक चढला! डोळ्यांना अगोचर असे किरण सूर्यप्रकाशांत आहेत, हें अशा रीतीनें प्रथम कळलें. यांसच आपण अवरक्त किरण म्हणतों. इंग्रजींतील नांव इन्फ्रारेड.

या किरणांचा परिचय आपणां सर्वांस घरींच झालेला असतो. चुलीवरून नुकताच उतरविलेला तवा अंधारांत दिसत नाहीं, पण जवळ हात नेला कीं त्याचा ताप जाणवतो. प्रत्येक उष्ण वस्तु हे किरण टाकीत असते. ताऱ्यांमधील धूळ देखील ताऱ्यांचा प्रकाश शोषून घेते आणि उष्णतेच्या रूपानें परत देते. अर्थात् आकाशांतील जो भाग दुर्बिणींत काळाकुट्ट दिसतो, तोच या किरणांनीं पाहिल्यास बोलका होतो.

मग पृथ्वीवरूनच हे वेध कां घेऊं नयेत? अडचण अशी कीं, हवेंतील पाण्याची वाफ यांतील बहुतेक किरण वाटेंतच गिळून टाकते. शिवाय हवा आणि खुद्द दुर्बीणही उबदार असल्यामुळें स्वतःच हे किरण टाकतात. म्हणजे भर दुपारीं तारे शोधण्यासारखाच हा प्रकार! यावर बलूनचा उपाय योजण्यांत आला. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेंही १ मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादेहून बलूनच्या साहाय्यानें उंच पाठवून असे वेध घेतले आहेत. परंतु संपूर्ण आकाश न्याहाळावयाचें, तर वातावरणाच्या बाहेरच गेलें पाहिजे.

ता. २५ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिका, हॉलंड व इंग्लंड या तीन देशांनीं मिळून 'आयरास' नांवाचा उपग्रह सोडला. त्याच्या दुर्बिणीचा आरसा अवघा ५७ सेंटिमीटर व्यासाचा. पण ती दुर्बीण द्रवरूप हेलियमच्या साहाय्यानें उणे २७० अंश सेंटिग्रेडच्या आसपास थंड ठेवलेली होती. हेलियम संपला कीं उपग्रह आंधळा व्हावयाचा. तो सुमारें दहा महिने पुरला. तेवढ्या अवधींत आकाशाचा शेंकडा ९६ भाग पाहून झाला, आणि सुमारें ३,५०,००० उष्ण बिंदूंची नोंद झाली.

यांतील सर्वांत मोलाचा शोध कोणी शोधावयास न जातां लागला. दुकानदार जसा प्रमाण वजनानें आपला तराजू तपासतो, तसें या यंत्राचें माप शास्त्रज्ञ अभिजित ताऱ्यावरून तपासून घेत होते. हा आपल्यापासून २५ प्रकाशवर्षें दूर असलेला, तेजस्वी व साधासरळ समजला गेलेला तारा. पण तराजू तपासतांना प्रमाण वजनच भारी भरावें, तसें झालें! लांब तरंगांच्या किरणांत अभिजित अपेक्षेहून कित्येक पट प्रखर आढळला. दोष यंत्राचा तर नव्हे? ऑमन व गिलेट या शास्त्रज्ञांनीं पुनः पुनः पडताळा पाहिला. यंत्र निर्दोष होतें. अभिजिताच्या भोंवतीं सुमारें उणे १९० अंश तापमानाच्या कणांचें कडें होतें, आणि अधिक उष्णता त्यांतून येत होती. ज्या द्रव्यापासून ग्रह घडतात, तसलें घन द्रव्य सूर्यासारख्या प्रौढ ताऱ्याभोंवतीं असल्याचा हा पहिला पुरावा. अभिजिताला ग्रह आहेतच, असें त्यावरून सिद्ध झालें नाहीं. पण आपली सूर्यमाला विश्वांत एकटी नसावी, या तर्काला प्रथमच आधार मिळाला. पुढें १९८४ सालीं चिलीमधील वेधशाळेंतून स्मिथ व टेरिल यांनीं बीटा पिक्टोरिस या ताऱ्याभोंवतालच्या अशाच तबकडीचें छायाचित्रही घेतलें.

अपुरा खर्च झालेला आंकडा 'यंत्राची चूक' म्हणून खोडून टाकणें किती सोपें होतें! तसें केलें असतें, तर अभिजित आणखी कांहीं वर्षें साधा ताराच राहिला असता.

याच उपग्रहानें १९८३ च्या एप्रिलमध्यें एक धूमकेतूही टिपला. थोड्याच दिवसांत जपानचे अराकी व इंग्लंडचे ऑल्कॉक यांनाही तो स्वतंत्रपणें दिसला. म्हणून धूमकेतूला तिघांचें नांव मिळालें. हे ऑल्कॉक माझ्यासारखेच निवृत्त शाळामास्तर. घराच्या खिडकींतून साध्या द्विनेत्रीनें त्यांना तो सांपडला. यंत्राच्या पंक्तीला एक मास्तर बसला, याचें मला कौतुक वाटतें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. २००३ सालीं सोडलेली स्पिट्झर दुर्बीण २०२० पर्यंत चालली. तिच्या वेधांमुळें २०१७ सालीं ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोंवतीं पृथ्वीएवढ्या आकाराचे सात ग्रह असल्याचें निश्चित झालें. २००९ ते २०१३ या काळांत वेध घेणाऱ्या दुर्बिणीला तर हर्शेलचेंच नांव दिलें होतें. ता. २५ डिसेंबर २०२१ रोजीं निघालेल्या वेब दुर्बिणीचा आरसा ६॥ मीटरांचा असून ती पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर स्वतःच्या सावलींत थंड राहून पाहत असते.

तो विद्यार्थी आज कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. पण श्रोतेहो, आपल्या घरांतील एखाद्या मुलानें असा प्रश्न केल्यास, कितीही घाई असली तरी, "कांहीं नाहीं" असें म्हणूं नये. "आपणांस दिसत नाहीं, मोजून पाहूं या," असें म्हणावें. हर्शेलनें एवढेंच केलें होतें.