आठ आणे, दहा रुपये आणि एक बाज

आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता भामरागडकडे जातो, एक सिरोंच्याकडे, एक अहेरीकडे. चौकात कधीही उभे राहा, सागाच्या ओंडक्यांनी भरलेला एखादा ट्रक दिसतोच, आणि त्याच्या सावलीला झोपलेली दोन-तीन कुत्री. त्यातलीच एक तांबूस कुत्री गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरामागच्या पडक्या विहिरीत पडली. विहिरीला कठडा नाही, तळाशी गुडघाभर पाणी. रात्रभर तिचं रडणं ऐकू येत होतं.

सकाळी कुणीतरी ११२ ला फोन लावला. कुत्र्यासाठी पोलीस येतील असं मला वाटलं नव्हतं. पण गाडी आली. एक हवालदार आणि एक तरुण शिपाई. शेजारच्या आजींनी बाज दिली, तिच्या चार कोपऱ्यांना दोर बांधले आणि ती खाली सोडली. विहिरीत बिबट्या पडला की वनखात्याची माणसं अशीच बाज सोडतात. बिबट्या बाजेवर चढतो. ही काही चढेना. शेवटी शिपाई कमरेला दोर बांधून उतरला, तिला उचलून बाजेवर ठेवली आणि त्या गडबडीत ती त्याच्या मनगटाला कडाडून चावली.

वर आल्यावर ती अंग झटकून पळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल खिशात गेले. माझ्या बाजूला उभे असलेले आजोबा मात्र हसत म्हणाले, "आमच्या टायमाले पोलीस कुत्रं माराले येत होते जी. काढाले नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खाकी तीच, मग काम उलटं कसं झालं? मी शोधत गेलो आणि आलापल्लीपासून हजारेक किलोमीटर दूर, १८३२ सालच्या मुंबईत पोहोचलो.

तेव्हा मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं. बेवारस कुत्री मारायचा नियम १८१३ पासून होता, पण तो वर्षातल्या ठरावीक आठवड्यांपुरता. १८३२ मध्ये उन्हाळ्यातली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. साहजिकच मारणारे हात उत्साहाने फिरू लागले. बेवारस कोण आणि पाळलेलं कोण हे बघायला कुणाला वेळ नव्हता. घरांच्या ओट्यांवरून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या.

६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात कुत्री मारत फिरणाऱ्या पोलीस शिपायांवर पारशांचा जमाव चालून गेला. पारशांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं आहे. 'वेंदीदाद' या त्यांच्या धर्मग्रंथाचा एक अख्खा अध्याय कुत्र्यावर आहे. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी असा 'सगदीद' नावाचा विधी आहे. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेलं, म्हणजे 'चार डोळ्यांचं' कुत्रं त्यासाठी उत्तम मानतात. अशा लोकांसमोर त्यांच्या सणाच्या दिवशी कुत्र्यांच्या डोक्यात सोटे घातले जात होते.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले. कोटातल्या आणि कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांकडे जाणारं खाणंपिणं अडवलं गेलं. सरकारने सैन्य बोलावलं, धरपकड झाली, खटले चालले. पण जमशेटजी जीजीभाईंसारख्या बड्या व्यापाऱ्यांनी अर्ज केला आणि सरकारला थोडं नमावं लागलं. कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर न्यावीत, असं ठरलं.

गोष्ट इथेच संपवली तर इंग्रज दुष्ट आणि आपण दयाळू, असा सोपा धडा निघतो. तो मला पटत नाही. याच इंग्रजांच्या लंडनमध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था १८२४ मध्येच स्थापन झाली होती. मग मुंबईत सोटा का? कारण भीती खरी होती. पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि रेबीज झाला की माणूस मरणारच. त्यावर जगात कुठेही उपाय नव्हता. त्या काळात कुत्रं मारणं हाच साथ रोखायचा मार्ग वाटायचा. हे चित्र बदललं ६ जुलै १८८५ रोजी, पॅरिसमध्ये. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांची लस दिली गेली आणि तो वाचला. तिथून पुढे कुत्र्याचा चावा म्हणजे मृत्यूच, असं राहिलं नाही. कुत्र्यासमोर सोटा न घेता उभं राहणं त्यामुळे शक्य झालं.

दरम्यान इतर देशांतही पोलिसांचं काम बदलत होतं. लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी यांनी हरवलेल्या कुत्र्यांसाठी आसरा सुरू केला. १८६७ च्या कायद्याने तिथल्या पोलिसांना भटकी कुत्री ताब्यात घ्यायचा अधिकार मिळाला आणि ते कुत्री या आसऱ्यात पोहोचवू लागले. मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था उभी राहिली. तिच्यामागे होते दिनशा माणेकजी पेटिट, म्हणजे पुन्हा एक पारशी. परळचा जनावरांचा दवाखाना आजही त्यांच्या पत्नी बाई साकरबाईंच्या नावाने ओळखला जातो. दंगल करणाऱ्या समाजाने पुढच्या पिढ्यांत दवाखाना उभारला, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

कायदा मात्र हळू चालला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं हा गुन्हा होता, पण मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात. कलम ४२८ लागायला प्राण्याची किंमत दहा रुपये किंवा जास्त असावी लागे. म्हणजे आठ आण्यांचं मेलेलं कुत्रं आता दहा रुपयांचं जिवंत कुत्रं झालं, तरी मोजमाप पैशातच. १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्यात प्राण्याच्या वेदनेचा विचार झाला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मधून ती रुपयांची अट गेली. आता कुठल्याही प्राण्याला ठार केलं, विष दिलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आमच्या विहिरीतल्या कुत्रीला बाजारात किंमत शून्य, पण कायद्यात ती आता मोजली जाते.

कुत्र्याला वाचवायला येणारा दुसरा गणवेश अग्निशमन दलाचा. गंमत म्हणजे मुंबईत हे दल १८५५ मध्ये सुरू झालं तेव्हा ते पोलिसांच्याच हाताखाली होतं. पुढे ते महापालिकेकडे गेलं. १४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटात या दलाचे ६६ जवान गेले, म्हणून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. तेच दल आज मांजात अडकलेली घार सोडवतं आणि गटारात पडलेलं कुत्रंही काढतं. आग विझवणं हे त्यांचं काम, पण लोक त्यांच्याकडे 'अडकलेल्याला सोडवणारे' म्हणून बघतात.

पोलिसांचं आणि कुत्र्याचं नातं बदलायला आणखी एक कारण घडलं, आणि त्याचं नाव 'झंजीर'. पुण्यात तयार झालेला हा लॅब्रडॉर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले, अशी त्याच्या नावावर नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडांच्या कर्करोगाने गेला आणि पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. ज्या शहरात पोलीस कुत्र्यामागे आठ आणे घेत होते, तिथेच एका कुत्र्याच्या शवाला पोलीस अधिकाऱ्यांनी फुलं वाहिली. पण लक्षात घ्या, महापालिका रस्त्यावरची कुत्री मारत होती ती १९९४ च्या सुमारापर्यंत. झंजीर कामावर होता तेव्हाही. त्यानंतर नसबंदी आणि लसीकरण आलं, आणि २००१ च्या नियमांनी तेच देशभराचं धोरण झालं.

म्हणून मला आता वाटतं, गणवेशात दया आपोआप नसते आणि क्रूरताही नसते. गणवेशाला जो हुकूम मिळतो तो तो पाळतो. हुकूम बदलायला बंद बाजार लागतात, अर्ज लागतात, दवाखाने लागतात, लस लागते.

आणि हा वाद संपलेला नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने ते बदललं: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. ७ नोव्हेंबरला पुन्हा आदेश आला, शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका. लहान मुलांना चावे बसतात, माणसं मरतात, तेव्हा या आदेशांमागची काळजी खोटी म्हणता येणार नाही. पण १८३२ मधलं उत्तरही हेच होतं, शहराबाहेर न्या.

आम्ही आलापल्लीकर त्या 'बाहेर'मध्ये राहतो. बाहेर म्हणजे रिकामी जागा नव्हे. इथे चितळांच्या मागे कुत्र्यांच्या टोळ्या धावतात, बिबटे कुत्र्यांसाठी गावात शिरतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह मेले त्यामागे कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू होता. हा रोग कुत्र्यांमध्ये नेहमीचा आहे. शहराने नको म्हटलेलं कुत्रं कुठेतरी उतरतंच, आणि जिथे उतरतं तिथे त्याला नसबंदी आणि लस मिळाली नसेल तर त्याची किंमत आधी तिथलं गाव आणि मग तिथलं जंगल मोजतं.

त्या दिवशी शिपायाने विहिरीशेजारीच साबणाने जखम धुतली, बराच वेळ, धारेखाली. मग सरकारी दवाखान्यात जाऊन पहिलं इंजेक्शन घेतलं आणि पुढच्या तारखांना न चुकता गेला. महिनाभराने तो चौकात भेटला. मनगटावर दोन बारीक वण. मी विचारलं, "घाबरला नव्हतात का?" तो म्हणाला, "घाबरलो होतो जी. पण सुई आहे ना."

ट्रकखाली ती तांबूस कुत्री झोपली होती. तिला अजून कुणी सुई टोचलेली नाही.